दमून आल्यावर रात्रीचे जेवण: मुगाच्या खिचडीची सविस्तर कृती

दिवसभराचे काम आणि गर्दीतला प्रवास आटोपून रात्री आठच्या सुमारास घरात पाऊल टाकणाऱ्या माणसाला स्वयंपाक नकोसा होतो तो मुख्यतः तीन गोष्टींमुळे: काय करायचे ते ठरवावे लागते, त्यासाठी लागणारे जिन्नस घरात आहेत की नाहीत ते आठवावे लागते, आणि मग सगळे होईपर्यंत ओट्यापाशी उभे राहावे लागते. त्यामुळे अशा दिवसासाठी पदार्थ निवडताना तो एकूण किती वेळात होतो यापेक्षा त्यातला किती वेळ आपल्याला उभे ठेवतो हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. चार पोळ्या आणि एक सुकी भाजी अर्ध्या-पाऊण तासात होते, पण तो सगळा वेळ कणीक मळण्यात, लाटण्यात आणि तव्यावर लक्ष ठेवण्यात जातो. मुगाच्या डाळीच्या खिचडीला धुण्यापासून वाढण्यापर्यंत तेवढाच किंवा थोडा अधिक वेळ लागतो, मात्र त्यातली जेमतेम पंधरा मिनिटे आपली असतात. बाकीच्या वेळात डाळ भिजत असते, कुकर चाललेला असतो, वाफ जिरत असते आणि आपल्याला हातपाय धुऊन, कपडे बदलून स्वस्थ बसता येते.

खिचडी म्हणजे आजाऱ्याचे जेवण असा समज पुष्कळ घरांत आहे, आणि तो पसरण्याचे कारण म्हणजे तिथे ती आजाऱ्यासाठीच, म्हणजे फोडणीत हात आखडून, केलेली असते. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लेकुरवाळी भाजी आणि लोण्याचा गोळा यांच्या पंक्तीला हीच मुगाची खिचडी मानाने बसते, तेव्हा तिला कोणी पथ्याचे जेवण म्हणत नाही. फरक जिन्नसांत फारसा नसतो. फोडणी, पाणी आणि मुरण्याचा वेळ या तीन ठिकाणी तो असतो, म्हणून या लेखातही त्याच तीन ठिकाणी अधिक वेळ थांबलो आहे.

जिन्नस आणि प्रमाण

पुढील प्रमाण दोन माणसांच्या पोटभर जेवणाचे आहे आणि वाटी म्हणजे आमटीची साधारण १५० मिलिलिटरची वाटी धरली आहे. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी पिवळी मूगडाळ, दोन चमचे तेल किंवा तूप, अर्धा चमचा मोहरी, एक चमचा जिरे, पाव चमचा हिंग, अर्धा चमचा हळद, पाच-सहा पाकळ्या लसूण, एक-दोन हिरव्या मिरच्या, कढीपत्त्याची एक काडी, एक चमचा गोडा मसाला, सव्वा चमचा मीठ, चवीपुरता गुळाचा खडा आणि वरून घेण्यासाठी साजूक तूप. कांदा, टोमॅटो, मटार, शेंगदाणे यांपैकी जे हाताशी असेल ते घालावे; नसेल तर त्यासाठी खाली उतरून दुकानात जाण्याचे काहीही कारण नाही.

तांदळाच्या निवडीत एवढेच लक्षात ठेवावे की खिचडीला चिकटपणा शोभतो. बासमतीचा लांब, सुटा दाणा इथे वाया जातो. आंबेमोहोराला सुगंध असतो आणि तो लवकर मऊ होतो. इंद्रायणी ही त्याच आंबेमोहोराच्या वंशातली, मावळातल्या संशोधन केंद्रात तयार झालेली जात त्याहून चिकट असल्याने सैल खिचडीला उत्तम लागते. रोजचा कोलम असेल तर तोही चालतो, आणि कणी असेल तर फारच चांगले, कारण ती स्वस्त असते आणि आधी शिजते. परदेशात राहणाऱ्यांना यांपैकी काही मिळाले नाही तर आखूड दाण्याचा कोणताही पांढरा तांदूळ घ्यावा.

डाळीमध्ये पिवळ्या, धुतलेल्या मुगाला पर्याय शोधू नये, निदान दमलेल्या दिवशी तरी नाही. ती न भिजवताही तांदळाच्या बरोबरीने शिजते, हा तिचा सर्वांत मोठा गुण आहे. सालाची हिरवी मूगडाळ चवीला अधिक खमंग लागते, पण तिला थोडे अधिक पाणी आणि एखादी शिट्टी जास्त द्यावी लागते. खानदेशात तुरीच्या डाळीची, लसूण-शेंगदाणे घातलेली खिचडी करतात आणि पानात तिच्यावर कढवलेल्या तेलाची धार सोडतात. ती अतिशय चविष्ट असते, परंतु तूर शिजायला वेळ घेते, म्हणून ती सुट्टीच्या दिवसासाठी राखून ठेवावी. मूगडाळीत सुमारे २४ टक्के प्रथिने असतात आणि तांदळात जे लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते ते डाळीतून भरून निघते, त्यामुळे सोबत भाजी नसली तरी हे जेवण उणे राहत नाही. ज्यांना भात कमी खायचा आहे त्यांनी तांदूळ आणि डाळ समसमान घ्यावी; खिचडी थोडी घट्ट आणि अधिक खमंग होईल.

सुट्टीच्या दिवशी भरून ठेवायचा डबा

रात्री ठरवण्याचा त्रास वाचवायचा असेल तर ठरवण्याचे काम आधीच उरकले पाहिजे. एक किलो तांदूळ आणि अर्धा किलो मूगडाळ निवडून, न धुता, कोरडीच एकत्र करून घट्ट झाकणाच्या एका डब्यात भरून ठेवावी. दोन माणसांना एका वेळी दीड वाटी, म्हणजे अंदाजे १९० ग्रॅम मिश्रण लागते. त्या हिशोबाने हा डबा सात-आठ रात्री पुरतो आणि थकलेल्या माणसाला दोन डबे काढून दोनदा मोजण्याऐवजी एकाच डब्यातून दीड वाटी उपसावी लागते. सांगायला ही बाब क्षुल्लक वाटते, पण स्वयंपाक करायचा की बाहेरून मागवायचा याचा निर्णय अनेकदा एवढ्याशा अडचणीवरच ठरतो. डब्यातली वाटी डब्यातच ठेवावी. पावसाळ्यात मिश्रणाला पोरकिडे लागण्याची भीती असते, म्हणून त्या दिवसांत कडुलिंबाचा पूर्ण वाळलेला पाला कापडात बांधून आत ठेवावा किंवा डबा सरळ फ्रिजमध्ये ठेवावा.

लसूण सोलणे हे रात्रीच्या कामांतले सर्वांत कंटाळवाणे काम आहे. आठवड्याचा लसूण एकदाच सोलून कोरड्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवला, तर पाच-सहा दिवस तो चांगला राहतो. तेलात बुडवलेला कच्चा लसूण मात्र बाहेर ठेवू नये. हवा न लागणाऱ्या तेलात घातक जंतू वाढण्याचा धोका असतो. मिसळणाचा डबा भरलेला असणे हे वेगळे सांगायला नको, पण हिंग आणि हळद संपत आल्याचे नेमके फोडणी तापल्यावरच लक्षात येते हा सार्वत्रिक अनुभव आहे.

घरात शिरल्यावरची पहिली तीन मिनिटे

चप्पल काढून हात धुतले की बसण्यापूर्वी एवढे एकच काम करावे: डब्यातून दीड वाटी मिश्रण पातेल्यात घेऊन धुवावे आणि बुडेल इतक्या पाण्यात भिजत ठेवावे. एकदा बसले की उठणे कठीण असते, आणि धुतलेली डाळ ओट्यावर दिसत असली की बाहेरून काही मागवण्याचा मोह आपोआप मागे पडतो.

धुताना पहिले पाणी दुधासारखे पांढरट-पिवळे निघते आणि वर फेस येतो. हात फिरवून ते ओतून द्यावे आणि आणखी दोन-तीन वेळा असेच करावे. शेवटचे पाणी अगदी नितळ निघण्याची वाट पाहू नये, कारण मुगाचे पाणी नितळ असे कधी होतच नाही. तळाचे दाणे स्पष्ट दिसू लागले की पुरे. हा फेस धुऊन काढण्याचा फायदा पुढे कुकरमध्ये होतो, तिथे शिट्टीवाटे पिवळे पाणी उडण्याचे प्रमाण बरेच कमी होते.

भिजवण्यासाठी पंधरा-वीस मिनिटे पुरेत. तेवढ्या वेळात अंघोळ होते, मुलांची दप्तरे जागेवर जातात, किंवा काहीच न करता पंख्याखाली बसता येते. वेळ नसेल आणि न भिजवताच करायचे असेल तर एक शिट्टी वाढवावी, एवढाच काय तो फरक.

फोडणी

कुकर तीन लिटरचा असावा. डाळ-तांदळासारखे फेसाळणारे पदार्थ कुकरमध्ये अर्ध्याच्या वर भरू नयेत असा नियम आहे आणि तो पाळायलाच हवा, कारण वर आलेला फेस शिट्टीच्या नळीत अडकू शकतो. वरील प्रमाण पाण्यासह सुमारे एक लिटरच्या आसपास जाते. दोन लिटरच्या कुकरात करायचे असल्यास तांदूळ-डाळ आणि पाणी तिसऱ्या हिश्श्याने कमी करावे. झाकण लावण्याआधी शिट्टीच्या नळीतून उजेड आरपार दिसतो का, हे एकदा उजेडाकडे धरून पाहण्याची सवय ठेवावी.

आता शेजारच्या शेगडीवर किंवा विजेच्या किटलीत पाणी तापत ठेवावे आणि कुकरमध्ये तेल घालून आच मध्यम ठेवावी. तेल तापले की नाही हे पाहायला मोहरीचे दोन-तीन दाणे टाकावेत. ते लगेच वर येऊन फुटले तर बाकीची मोहरी घालावी, नुसतेच तळाशी बसून राहिले तर थांबावे. थकलेला माणूस इथेच घाई करतो, आणि कच्ची राहिलेली मोहरी मग घासागणिक दाताखाली कडू लागते. मोहरीची तडतड जोरात सुरू होऊन ओसरू लागली की जिरे घालावे, ते एका छटेने गडद झाले की हिंग, लगेच कढीपत्ता, मिरचीचे तुकडे आणि ठेचलेला लसूण. लसूण चिरत बसू नये. सोललेल्या पाकळ्यांवर वाटीचा तळ किंवा सुरीचे पाते आडवे ठेवून दाबले की काम होते, आणि असा फुटलेला लसूण चिरलेल्यापेक्षा फोडणीत अधिक वासही सोडतो. त्याच्या कडा सोनेरी झाल्या की कांदा असल्यास घालावा आणि तो पारदर्शक होईपर्यंतच परतावा. खिचडीच्या कांद्याला लालसर करण्यात वेळ घालवण्याची गरज नसते, तो पुढे विरघळूनच जातो.

हळद सगळ्यांत शेवटी, कांदा किंवा लसूण यांच्या ओलाव्यात घालावी. नुसत्या तापलेल्या तेलात ती काही क्षणांत करपते आणि रंगही काळपट येतो. कांदा घालत नसाल तर हळदीपाठोपाठ लगेच निथळलेले डाळ-तांदूळ कुकरमध्ये टाकावेत, म्हणजे तेलाचा ताप उतरतो.

यानंतरची दोन-तीन मिनिटे ही साऱ्या कृतीतली खरी उभी राहण्याची मिनिटे आहेत आणि ती वाचवू नयेत. पाणी नीट निथळून घेतलेले डाळ-तांदूळ फोडणीत मध्यम आचेवर परतत राहावे. सुरुवातीला ते उलथन्याला चिकटतात, मग हळूहळू सुटे होतात, दाण्यांवर तेलाची चकाकी येते आणि भाजलेल्या मुगाचा खमंग वास सुटतो. तो वास आला की परतणे झाले. आजाऱ्याच्या खिचडीत आणि या खिचडीत जो फरक लागतो, तो बहुतांशी या वासाचा असतो. आता गोडा मसाला, मीठ, गूळ आणि मटार किंवा शेंगदाणे घालावेत. गोडा मसाला नसेल तर धणे-जिऱ्याची पूड आणि चार मिरी दाणे चालतील. दगडफूल, खोबरे आणि तीळ यांचा जो गंभीर सुगंध गोड्या मसाल्यात असतो तो मात्र त्याने येत नाही.

टोमॅटो घालायचा असेल तर एखादाच घालावा. आंबट पदार्थात डाळ मऊ व्हायला वेळ लागतो. मुगाच्या बाबतीत तो फरक थोडा असतो, तुरीच्या बाबतीत चांगलाच जाणवतो. आंबटपणा हवा असेल तर पानात लिंबू पिळणे सोपे.

पाणी किती

खिचडीच्या बाबतीत घराघरांत जे मतभेद असतात ते मुख्यतः पाण्यावरून. भिजवून निथळलेल्या डाळ-तांदळाला मूळ कोरड्या मापाच्या दुप्पट पाणी घातले तर मोकळी, ताटात ढीग राहील अशी खिचडी होते. तिप्पट घातले तर मऊ पण चमच्याला धरून राहणारी. आणि चौपट घातले तर सैल, ताटात पसरणारी. आपल्या दीड वाटीच्या मापाला हे अनुक्रमे तीन, साडेचार आणि सहा वाट्या पाणी झाले. दमलेल्या रात्री माझे मत निःसंशय शेवटच्या प्रकाराला आहे, कारण ती न चावता खाली उतरते, तिला सोबत आमटी-कढी काही लागत नाही आणि पाण्याचा अंदाज थोडा चुकला तरी ती बिघडत नाही. मोकळ्या खिचडीत मात्र अर्ध्या वाटीची चूकही लगेच दिसते. जुना तांदूळ नव्यापेक्षा अधिक पाणी ओढतो, तेवढा अंदाज आपल्या घरच्या तांदळाप्रमाणे करावा.

पाणी उकळतेच घालावे. गार पाणी घातले तर तापलेली फोडणी एकदम निवते, कुकरला दाब यायला पाच-सात मिनिटे अधिक लागतात आणि तेवढ्या वेळात डाळ तळाशी बसू लागते. पाणी घातल्यावर तळापासून एकदा ढवळावे आणि पळीभर पाणी चाखून पाहावे. ते किंचित खारट लागले पाहिजे. या वेळी पाण्याची चव खारट न लागता नेमकी बेताची वाटली तर शिजलेली खिचडी अळणी होते, कारण दाणे फुगल्यावर मीठ सगळीकडे विभागले जाते. खारट लागण्याची मर्यादा म्हणजे आपल्याला आवडणाऱ्या आमटीपेक्षा थोडे पुढे.

कुकर लावल्यावर

झाकण लावून आच मध्यम ठेवावी. पहिली शिट्टी झाली की आच थोडी कमी करावी, आणखी दोन शिट्ट्या होऊ द्याव्यात आणि गॅस बंद करावा. सर्वसाधारण कुकरमध्ये पूर्ण दाब आल्यावर आतले पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते, त्यामुळे शिट्टी सतत वाजत ठेवण्याने शिजण्याचा वेग वाढत नाही. वाया जातो तो गॅस आणि आतले पाणी. शिट्ट्यांचा हिशोब प्रत्येक कुकरचा निराळा असतो, म्हणून नव्या कुकरात पहिल्या खेपेला तीन शिट्ट्या करून पाहाव्यात आणि पुढच्या वेळी एक कमी-जास्त करावी. परदेशात किंवा वसतिगृहात वापरतात त्या विजेच्या प्रेशर कुकरला शिट्टी नसते. त्यात फोडणी परतण्याच्या सोयीवर करून नंतर जास्त दाबावर आठ ते दहा मिनिटे लावावीत.

गॅस बंद केल्यावर दाब आपोआप उतरू द्यावा. चिमट्याने शिट्टी उचलून वाफ सोडण्याची घाई केली तर फेसाळ पाणी बाहेर उडते, हात भाजतो आणि ओटा पुसण्याचे काम वाढते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही दहा-बारा मिनिटे शिजण्याचाच भाग आहेत: याच वेळात दाणे उरलेले पाणी ओढतात आणि डाळ विरघळून दोन्ही एकजीव होतात. या वेळात बसून राहावे. फार तर ताटे मांडावीत.

झाकण उघडल्यावर वर पाणी आणि खाली दाणे असे चित्र दिसले तर घाबरू नये. डावाने तळापासून ढवळले की मिनिटभरात मिश्रण मिळून येते. एक दाणा अंगठा आणि तर्जनी यांच्यात दाबून पाहावा. तो मधल्या टणक कणीशिवाय पूर्ण चिरडला गेला पाहिजे. खिचडी ताटात वाढल्यावरही घट्ट होत जाते, म्हणून हवी त्यापेक्षा थोडी पातळच वाढावी, आणि घट्ट वाटली तर उकळते पाणी घालून सारखी करावी. साजूक तूप कुकरमध्ये घालण्यापेक्षा ताटात, वाफाळत्या खिचडीवर घालावे; शिजवताना त्याचा वास निघून जातो, ताटात तो नाकापाशी असतो.

अंगात थोडी ताकद उरली असेल तर कढल्यात चमचाभर तूप तापवून त्यात चिरलेला लसूण आणि एक सुकी लाल मिरची लालसर करावी आणि ती फोडणी वरून ओतावी. यासाठी लागणारी तीन मिनिटे सार्थकी लागतात, पण ती ऐच्छिक आहेत.

सोबत

तळण अजिबात काढू नये. उडदाचा किंवा पोह्याचा पापड चिमट्यात धरून मध्यम आचेवर, सतत उलटत, कडेकडून मध्यापर्यंत भाजावा. मायक्रोवेव्हमध्ये चाळीस ते साठ सेकंदांत तो विस्तवाचा डाग न लागता फुलतो. लिंबाचे किंवा कैरीचे लोणचे असले की तिखट-आंबटाची बाजू सांभाळली जाते. कोशिंबिरीसाठी कूट, दही, फोडणी यांच्या मागे न लागता काकडी सालासकट चकत्या करून, मीठ लावून घ्यावी. मोकळ्या खिचडीला कढी हवीच असे ज्यांना वाटते त्यांनी दोन वाट्या ताकाला एक चमचा बेसन गार असतानाच लावून घ्यावे, मिरची, आले आणि साखर घालून मंद आचेवर ढवळत गरम करावे आणि पहिली उकळी येताच उतरवावे. बेसनामुळे ताक सहसा फुटत नाही, तरी खळखळ उकळणाऱ्या कढीचा भरवसा धरू नये. सैल खिचडीबरोबर पेलाभर ताक पिणे अधिक सोयीचे, असे माझे मत आहे.

बिघडलेच तर

तळाशी लागल्याचा वास आला तर ढवळू नये. वरची खिचडी अलगद दुसऱ्या भांड्यात काढून घ्यावी आणि तळाचा थर तसाच सोडावा. ढवळल्याने करपट वास सगळ्यात पसरतो. मीठ जास्त झाले असेल तर उकळते पाणी घालून सैल करावी आणि दह्याबरोबर वाढावी. बटाटा घातला की मीठ ओढले जाते असे सर्रास सांगतात. प्रत्यक्षात तो थोडे खारट पाणी शोषतो आणि बाकीची खिचडी होती तशीच राहते. डाळ कच्ची राहिली तर ती बहुधा जुनी असते किंवा पाणी जड असते. अशा वेळी अर्धी वाटी उकळते पाणी घालून आणखी एक शिट्टी काढावी, आणि बोअरवेलचे पाणी वापरणाऱ्यांनी शिजवण्यासाठी शक्यतो गाळण यंत्रातले पिण्याचे पाणी घ्यावे.

कुकरसुद्धा लावावासा वाटत नसेल तेव्हा

सकाळचा भात किंवा दोन भाकऱ्या उरलेल्या असतील, तर पिठल्याला पर्याय नाही. अर्धी वाटी बेसन दोन वाट्या गार पाण्यात गुठळी न राहू देता कालवून ठेवावे. कढईत दोन चमचे तेलाची मोहरी, हिंग, हळद, लसूण, हिरवी मिरची अशी फोडणी करून कांदा परतावा, मीठ घालावे आणि कालवलेले पीठ एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने ढवळावे. ते बघता बघता घट्ट होऊ लागते. आच मंद करून झाकण ठेवावे आणि पाच-सहा मिनिटे, मधून एकदा ढवळून, शिजू द्यावे. पिठाचा कच्चा वास जाऊन वर चकाकी आली की झाले. घरात कुळथाची पिठी असेल तर ती अशीच करावी, फक्त कांद्याऐवजी लसूण वाढवून दोन आमसुले टाकावीत, आणि कोकणातल्या माणसाला मग खिचडीची आठवण होणार नाही.

भातही नसेल आणि खरोखरच काही करवत नसेल, तर पाव वाटी कणी किंवा आंबेमोहोर पाचपट पाण्यात मिठासह कुकरमध्ये लावून गुरगुट्या भात करावा आणि त्यावर तूप, मेतकूट आणि लिंबाचे लोणचे घ्यावे. यात चिरणे नाही, फोडणी नाही, एका माणसाचे जेवण होते.

उरलेली खिचडी आणि कुकर

उरलेली खिचडी रात्रभर ओट्यावर ठेवू नये. शिजलेल्या भातात टिकून राहणारे काही जंतू सामान्य तापमानाला वाढतात आणि त्यांचे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. त्यामुळे ती पसरट भांड्यात काढून, निवली की दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी पाण्याचा हबका मारून चांगली वाफ येईपर्यंत गरम करावी. सकाळी डब्याची घाई असेल तर त्याच खिचडीत मावेल तेवढे ज्वारीचे पीठ, थोडे बेसन, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, तिखट, मीठ आणि तीळ घालून गोळा मळावा, ओल्या फडक्यावर थापून, मधोमध भोक पाडून, तव्यावर तेल सोडून थालीपीठ लावावे. खिचडीत मीठ-मसाला असतोच, म्हणून पिठापुरतेच मीठ घालावे, आणि पाणी शक्यतो लागत नाही.

कुकर मात्र जेवायला बसण्यापूर्वीच पाण्याने भरून ठेवावा. वाळलेली मुगाची खळ घासायला हात दुखतात, भिजलेली नळाखालीच निघून जाते.